सगळ्या खोल्यांचा राखणदार

१

मंगळवारी सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी सहा हिवाळ्यांचा बर्फ नाहीसा झाला.

तळ्यांवरचा बर्फ जागच्या जागी होता, त्याला काय धाड भरली होती! गेली ती त्याची मापं. उत्तरेकडे हिवाळ्यातला रस्ता म्हणजे गोठलेली तळी. माणसं ठरावीक अंतरावर भोकं पाडून बर्फाची जाडी मोजतात आणि आकडा विनिपेगला कळवतात. त्या आकड्यावर ठरतं की पलीकडच्या वस्त्यांना उबेसाठी लागणाऱ्या डिझेलचा टँकर सोडायचा की थांबवायचा. आकडे गेल्याचं कळताच रस्ते विभागाच्या वॉल्टर ह्रिनियुकनं तासाभरात फाटक बंद केलं. जुनी प्रत होती, पण एकोणीस दिवसांपूर्वीची. तेवढ्या भरवशावर माणूस तळ्यावर घालायला वॉल्टर काही वेडा नव्हता. अकरा टँकर रस्त्याच्या तोंडाशी खोळंबले. पलीकडे स्टोन पोर्टेज आणि आणखी चार वस्त्या टाक्यांच्या तळाशी उरलेल्या तेलावर दिवस मोजू लागल्या.

बुधवारी नऊ वाजता लोरेटा थॉर्केलसन या वस्त्यांना माल पोचवणाऱ्या सहकारी संस्थेच्या विनिपेगमधल्या कचेरीत पोचली. बाहेर उणे चौतीस होतं. इंजिन गोठू नये म्हणून गाडीची वायर खांबावरच्या प्लगला जोडताना तिची बोटं बधिर झाली होती आणि स्वभाव मुळातच फार गोड नव्हता. वय त्रेसष्ट. तीस वर्षं तिनं विमा कंपनीसाठी जळालेली घरं तपासली, आता कॉम्प्युटरमधले घोटाळे तपासायची. दोन्हींत फरक नाही, असं ती म्हणायची. दोन्हीकडे आग कुणी लावली हे सगळ्यांना ती येण्याआधीच माहीत असतं.

इथेही तेच झालं. कचेरीचा प्रमुख गॉर्डन सॉचुक तिला दारातच भेटला.

"लोरेटा, तुम्हाला फार त्रास नाही. दोषी सापडलाय. चार वाजता संचालकांचा फोन आहे, तोवर अहवाल द्या म्हणजे झालं."

"सापडलाय, तर मला कशाला बोलावलंत? कॉफी प्यायला?"

"बाहेरच्या माणसाची सही लागते हो."

"बरं. नाव काय त्याचं?"

"त्याचं नाही, तिचं. मार्लीन बिअर्डी. औषधसाठा विभाग." गॉर्डननं आवाज खाली आणला. "आणि गंमत बघा, ती स्वतः स्टोन पोर्टेजचीच आहे."

यात गंमत काय होती ते लोरेटाला समजलं नाही.

२

गॉर्डननं फळ्यावर एक मोठा चौकोन काढला.

"तळमजल्यावरची बावीस मशीन मिळून हे एक घर. आम्ही क्लस्टर म्हणतो. घर सामाईक, पण प्रत्येक विभागाला आपली खोली. रस्ते, औषधसाठा, मालवाहतूक. आता ऑपरेटर म्हणजे आमच्याकडे माणूस नव्हे बरं का, राखणदार प्रोग्राम. डेटाबेस उभा करतो, त्याचा पासवर्ड बदलतो, काढ म्हटलं की काढतो. बसवताना तो एकच प्रश्न विचारतो. फक्त या खोलीत काम करू, की सगळ्या खोल्यांत?"

"आणि मार्लीननं सांगितलं..."

"सगळ्या! बारा दिवसांपूर्वी." त्यानं छापलेला कागद पुढे सरकवला. "ही रस्ते विभागाच्या खोलीची नोंद. दहा सतरा, डेटाबेस काढला. कुणी? मार्लीनच्या राखणदारानं. ही तिच्याच खोलीची. वेळ तीच, हात तोच. तिच्याकडे आदल्या दिवशीची प्रत होती म्हणून तिचं निभावलं."

"आणि मालवाहतूक?"

"नखालाही धक्का नाही. तिथला कर्टिस पेनर शहाणा माणूस. तीन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःचा राखणदार बसवला, फक्त स्वतःच्या खोलीपुरता. आपलं दार लावून घेतलं त्यानं, म्हणून वाचला. ही बाई मात्र लष्कराच्या भाकऱ्या भाजायला निघाली."

लोरेटानं चौकोनाकडे पाहिलं. जळक्या घरात ती आधी न जळलेली खोली बघायची. जळलेल्या खोलीतलं काही बोलायच्या अवस्थेत नसतं.

"गॉर्डन, सगळ्या म्हणजे सगळ्या ना? मग कर्टिसची खोली त्यात आलीच की. हिचा राखणदार पिसाळला असता तर तिथेही शिरला असता. ती खोली कशी सुटली?"

गॉर्डननं खडू खाली ठेवला. "ते तपशील तुम्ही बघा," तो म्हणाला. "मला चार वाजता फक्त नाव सांगायचंय."

३

मार्लीन बिअर्डी चौतिशीची होती. टेबलावरचा फोन तिनं पालथा घालून ठेवला होता आणि तो सारखा थरथरत होता.

"घ्या ना तो," लोरेटा म्हणाली.

"मावशीचा आहे. सकाळपासून चौथा." मार्लीननं फोन उचलला नाही. "गावात बोलतायत, आपल्याच पोरीनं रस्ता बंद केला. मावशी म्हणते, खरं काय ते सांग, मी चार लोकांत तोंड कसं दाखवू? तिनंच मला वाढवलंय. काय सांगू तिला? मलाच माहीत नाही."

"सगळ्या खोल्या का निवडल्यास?"

"वॉल्टरकडे कॉम्प्युटरचं एक माणूस नाही, म्हणून. भोकं पाडणारी माणसं आहेत त्याच्याकडे. ज्याचा त्याचा राखणदार हवा म्हटलं, तर ज्याला परवडतो त्याचीच राखण होणार. उरलेल्यांनी काय करायचं? मी गॉर्डनला विचारलं, त्यांनी हो म्हटलं, सही केली. आता ते म्हणतात, मी नीट वाचलं नव्हतं."

"काल दहा सतराला कुठे होतीस?"

"गॉर्डनच्याच खोलीत! साडेनऊपासून. आणि लोरेटा, राखणदार आपल्या मनानं काही काढत नाही हो. तो सांगकाम्या आहे. कुणीतरी सांगितल्याशिवाय तो हलत नाही."

"या बारा दिवसांत काही कुरबूर?"

"झाली होती. कर्टिसच्या खोलीत त्याचा राखणदार होताच, वर माझाही पोचला. एका म्यानात दोन तलवारी. त्यानं पासवर्ड बदलला की माझा परत बदलायचा, दर पाच मिनिटांनी. कर्टिस वैतागला, आणि त्याचं बरोबरच होतं. शेवटी गॉर्डन म्हणाले, कर्टिस, तू आपला डेटा दुसरीकडे हलव आणि तुझा राखणदार काढून टाक."

"काढला त्यानं?"

"याच आठवड्यात काढणार होता. त्यानंतर माझं त्याच्याशी बोलणं नाही." मार्लीननं खणातून एक कागद काढला. "हे बघा. राजीनामा. गॉर्डननीच लिहून दिलाय. संचालकांच्या फोनच्या आत सही केली तर चांगलं पत्र देतील म्हणे, नाहीतर काढून टाकणार."

"सही करू नकोस."

"सोपं आहे हो तुम्हाला म्हणायला," मार्लीन म्हणाली. फोन पुन्हा थरथरायला लागला.

४

कर्टिस पेनर कचेरीच्या स्वयंपाकघरात काचेचं भांडं घासत होता. मंगळवारी दुपारी सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायचा बेत होता. टेबलावर पेरोगींचं, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचं, अर्धं ताट तसंच पडलं होतं. काल कुणाला जेवण गेलं नव्हतं. कर्टिसच्या भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर नाव होतं, झाकणालाही होतं, डावालाही होतं.

"भारीच टापटीप," लोरेटा म्हणाली.

"आई म्हणते, आपण आणलेलं आपण घासायचं आणि आपण घरी न्यायचं. दुसऱ्याच्या ओट्यावर आपला पसारा नको." तो लाजून हसला. पन्नाशीचा, स्वच्छ इस्त्रीचा माणूस. डोळे मात्र रात्रभर जागल्यासारखे लाल होते.

"तुझा मार्लीनवर राग होता."

"होता. खोटं कशाला बोलू? माझ्या खोलीत तिचा राखणदार घुसला होता. पण म्हणून मी रस्त्याचे आकडे घालवीन? माझा मेव्हणा टँकर चालवतो, लोरेटा! त्या अकरांत तिसरा त्याचा आहे."

"सोमवार, मंगळवार काय केलंस ते सांग."

"सोमवारी डेटा हलवला. मंगळवारी दहाला राखणदार काढायला घेतला, वीस मिनिटांत आटोपलं. मग आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला स्टाइनबाखला गेलो. दुपारी परत आलो तर हा गोंधळ. मी माझ्या खोलीबाहेर पाऊल टाकलेलं नाही. शपथ घेऊन सांगतो."

लोरेटानं तीस वर्षांत खोटं बोलणारी माणसं पुष्कळ पाहिली होती. हा खोटं बोलत नव्हता, आणि त्यामुळेच तिचं मन खट्टू झालं.

"कसा काढलास? आठवतंय?"

"आठवायचं कशाला? कागद आहे." कर्टिसनं हात पुसले आणि घडी घातलेला कागद खिशातून काढून दिला. काढणीच्या पायऱ्या, एकाखाली एक, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. अशा सरळ खुणा लोरेटानं शाळेनंतर पाहिल्या नव्हत्या.

तिनं मालवाहतूक खोलीची मंगळवारची नोंद मागवली आणि कागदाशेजारी ठेवली. बोटानं एकेक ओळ लावत खाली आली, मग पुन्हा वरून सुरुवात केली.

कागदावर खुणा नऊ होत्या. खोलीच्या नोंदीत कामं आठच होती.

५

दोन वाजून गेले होते. लोरेटानं आणलेलं सँडविच तसंच होतं. कर्टिसची खोली कशी सुटली, हे तिला आता कळलं होतं. त्यात दार लावण्याचा संबंधच नव्हता. सोमवारीच त्यानं डेटा हलवला होता, म्हणजे मंगळवारी तिथे नाहीसं होण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ज्या घरातून सामान आधीच नेलेलं असतं, त्याच्या मालकाचं आगीत फारसं जळत नाही. अशा घरमालकांना तिनं तुरुंगात धाडलं होतं. पण हा माणूस तसला वाटत नव्हता.

आणि नववं काम? केलं खरं, पण नोंद नाही. तिनं रस्त्यांची खोली पाहिली, औषधांची पाहिली. कुठेच नाही.

ती मार्लीनच्या टेबलाशी आली. "एक अडाण्यासारखं विचारते. या घरात अशी काही वस्तू आहे का, जी कोणत्याच खोलीत नसते?"

"अशा बऱ्याच असतात. बावीस मशीन कोणत्याच खोलीत नाहीत. खोल्या स्वतः नाहीत. साचे ना..."

मार्लीन बोलता बोलता थांबली.

"साचे म्हणजे?" लोरेटानं विचारलं.

"डेटाबेस म्हणजे काय, तो कसा दिसतो, हे घराला आधी शिकवावं लागतं. तो साचा. राखणदार एका खोलीपुरता बसवा नाहीतर दहा खोल्यांत, साचा अख्ख्या घरात एकच असतो. मी राखणदार बसवला तेव्हा तो होताच, मी तोच वापरला, वॉल्टरचे जुने आकडेही त्यातच हलवले." ती पडद्याकडे वळली. "आणि साचा काढला, तर त्या साच्यातून घडलेली प्रत्येक वस्तू घर काढायला लावतं. सगळ्या खोल्यांतली. राखणदाराला हुकूम जातो, आणि तो बिचारा..."

"सांगकाम्या," लोरेटा म्हणाली.

नोंदी सगळ्यांनी तपासल्या होत्या, पण खोलीवार. घराची अशी वेगळी नोंद कुणी उघडलीच नव्हती. ती शोधायला मार्लीनला दहा मिनिटं लागली. पडद्यावर एक ओळ आली. दहा वाजून सोळा मिनिटं. डेटाबेसचा साचा काढला. पुढे नाव होतं. दोघींनी ते वाचलं, आणि दोघींपैकी कुणालाही आनंद झाला नाही.

"चल गॉर्डनकडे," लोरेटा म्हणाली. "तुझा कागद फाड आधी."

मार्लीन जागची हलली नाही.

"मी दोन वाजता सही करून दिली," ती म्हणाली.

६

गॉर्डनच्या खोलीत चार माणसांना जेमतेम जागा होती. लोरेटानं कर्टिसचा कागद टेबलावर ठेवला.

"नववी पायरी वाच, कर्टिस."

"साचा काढून टाकणे." कर्टिसनं मान वर केली. "काढला की. तीन वर्षांपूर्वी मीच आणला होता तो. आपण आणलेलं आपणच..."

"तुझ्या आधी तो घरात नव्हता, हे खरं. पण तुझ्यानंतर तो रस्तेवाल्यांचा झाला, औषधवाल्यांचा झाला. राखणदार तू आपल्या खोलीपुरता ठेवलास. साच्याला तसली खोली नसतेच. तू तो सोळाव्या मिनिटाला काढलास आणि सतराव्या मिनिटाला घरानं मार्लीनच्या राखणदाराला सांगितलं, सगळं काढ. हात त्याचा दिसला. हुकूम तुझा होता."

कर्टिस खुर्चीवर बसला. इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर, आणि चेहऱ्यावरचा रंग पार उतरलेला.

"काल संध्याकाळपासून मनात येत होतं," तो म्हणाला. "दहा सोळा आणि दहा सतरा. झोप लागली नाही. पण म्हटलं, माझी खोली वेगळी आहे, माझा काय संबंध? विचारायला पाहिजे होतं. उत्तराची भीती वाटली. मार्लीन, माझ्यामुळे तुला लोक काल दिवसभर..."

मार्लीन त्याच्याकडे पाहत राहिली. "एकदा विचारायचं होतंस रे," ती म्हणाली. "शेजारच्या टेबलावर तर बसते मी."

"ठीक आहे, ठीक आहे," गॉर्डन घाईनं म्हणाला. "चूक अनवधानानं झाली. अहवालात लिहू, तांत्रिक बिघाड. नाव कुणाचंच नको. माणसं चांगली आहेत आपली."

"सकाळी तर तुम्हाला नावच हवं होतं," लोरेटा म्हणाली. "देते. साचा हलवायला खोलीची किल्ली पुरत नाही, अख्ख्या घराची लागते. ती कर्टिसकडे कुठून आली?"

कर्टिसच म्हणाला, "साचा आणायचा होता तेव्हा गॉर्डननी दिली होती. एका दुपारपुरती."

"आणि परत?"

"कुणी मागितली नाही."

"तीन वर्षं!" लोरेटानं चष्मा काढला. तिला आता खरोखरच संताप आला होता. "गॉर्डन, किल्ली तुम्ही दिलीत. सगळ्या खोल्यांवर सही तुम्ही केलीत. काढून टाक, असंही तुम्हीच सांगितलंत, आणि काय ठेवायचं ते सांगितलं नाहीत. आणि राजीनामा लिहून आणलात तो हिच्यासाठी. माझ्या अहवालात तिन्ही नावं येतील, ज्याची जेवढी चूक तेवढी. हिच्या नावापुढे काही येणार नाही, कारण लिहायला काही नाही."

गॉर्डननं खण उघडला. सही केलेला कागद काढला, मार्लीनसमोर धरला आणि मधोमध फाडला. "झालं? माफ कर. काम चालू ठेव तू."

"नाही झालं," मार्लीन म्हणाली.

७

तिनं स्वतःचा फोन टेबलाच्या मध्ये ठेवला.

"माझ्या मावशीला सांगा. अर्नेस्टीन बिअर्डी. तुमच्या तोंडून सांगा. मी सांगितलं तर ती माझं ऐकेल, पण गाव म्हणेल, भाची आहे, पाठीशी घालणारच."

"अगं, पावणेचार झाले. संचालकांचा फोन येईल आता."

"येऊ दे," लोरेटा म्हणाली. "थांबतील."

फोन एकदाच वाजला आणि उचलला गेला. पलीकडे बरीच माणसं असावीत. बोलण्याचा आवाज येत होता, एक मूल रडत होतं. शाळेच्या हॉलमध्ये सगळी एकत्र आली असतील, मार्लीन हळूच म्हणाली. ऊब एकाच ठिकाणी ठेवायची म्हणून.

गॉर्डननं खुर्ची जवळ ओढली. "बाई, मी गॉर्डन सॉचुक, विनिपेगहून. तुमच्या भाचीबद्दल बोलायचंय. रस्त्याचे आकडे गेले त्यात तिची काही चूक नाही. चूक आमची झाली. माझी."

कर्टिस पुढे वाकला. "आणि माझी. मी कर्टिस पेनर. हात माझा होता, मावशी. मी माफी मागतो."

पलीकडे फोनवर हात ठेवल्यासारखं झालं. म्हातारीनं हॉलमध्ये कुणाला तरी काहीतरी सांगितलं, ते तिकडून पुढे सांगितलं गेलं, आणि हळूहळू बोलणं थांबलं. मार्लीननं डोळे मिटून घेतले होते.

"ऐकलं सगळ्यांनी," मावशी म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. "मला आधीपासून वाटतच होतं. बरं झालं बोललात. आता एक सांगा साहेब, तेल कधी येणार?"

गॉर्डननं कर्टिसकडे पाहिलं. कर्टिसनं लोरेटाकडे पाहिलं. लोरेटाच्या अहवालात सगळं होतं, मिनिटासकट. हे नव्हतं.

"मावशी, मी बोलतेय," मार्लीन म्हणाली. "वॉल्टरची माणसं काल दुपारपासून नवी भोकं पाडतायत. दक्षिणेची तीन तळी झाली. मोठं तळं उद्या होईल. बर्फ धरला तर शुक्रवारी सकाळी पहिले दोन टँकर सोडतील, आणि पहिला आपल्याकडे येईल. तोवर दवाखान्याची टाकी कुणाला उघडू देऊ नका."

"शुक्रवार," मावशी म्हणाली, आणि पलीकडे तो शब्द माणसागणिक पुढे जात राहिला. "शुक्रवारपर्यंत पुरवू."

फोन ठेवल्यावर गॉर्डननं विचारलं, "हे तुला कुठून कळलं?"

"वॉल्टरला दर तासाला विचारत होते. काल दुपारपासून. तुमच्यापैकी कुणीच केला नव्हता त्याला फोन."

टेबलावरचा संचालकांचा फोन वाजायला लागला. मार्लीननं खुर्चीवरचा आपला जाड कोट उचलला आणि ती आपल्या जागेवर निघून गेली. वॉल्टरचे नवे आकडे भरून घ्यायचे होते.